तांब्याची जुनी नाणी: रसायनाने रंग कसा बिघडतो आणि हात कुठे थांबवावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांत शिवराई, कंपनी सरकारचा पाव आणा किंवा भोकाचा पैसा अजूनही देवघरात नाहीतर जुन्या पितळी डब्यात निघतो. दसरा-दिवाळीच्या आधी तांब्या-पितळेची भांडी घासायला काढली की ही नाणीही त्याच परातीत पडतात, त्यांना चिंच-मीठ लागते आणि पाच-दहा मिनिटांत चॉकलेटी नाणे गुलाबी होते. घरच्यांना ते उजळल्यासारखे वाटते. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र त्याची निम्मी किंमत त्या परातीतच वाहून गेलेली असते, आणि उरलेली पुढच्या पावसाळ्यात जाते.

नाणे केवळ पूजेसाठी असेल आणि ते टाकांबरोबर दरवर्षी घासायचा घरचा शिरस्ता असेल, तर त्यात ढवळाढवळ करण्याचे कारण नाही. पुढील मजकूर, नाणे संग्रहात ठेवायचे किंवा जाणकाराला दाखवायचे आहे अशांसाठी आहे. यातील पायऱ्यांचा क्रम बदलू नये. बहुतेक नाणी पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीलाच थांबवावी लागतात, आणि तसे थांबणे हेच बरोबर असते.

रंग बदलतो म्हणजे नेमके काय होते

टांकसाळीतून नुकत्याच निघालेल्या तांब्याच्या नाण्याचा रंग तांबूस-केशरी असतो. हवा लागताच त्यावर क्युप्रस ऑक्साइडचा लालसर-तपकिरी थर धरू लागतो आणि पुढे त्यावर काळपट क्युप्रिक ऑक्साइड चढते. गंधकयुक्त वायूंमुळे काळा सल्फाइड तयार होतो, तर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे हिरवा कार्बोनेट. हे थर बाहेरून येऊन बसलेला मळ नसून नाण्याच्याच तांब्यापासून बनलेले असतात. जमिनीत राहिलेल्या नाण्यावर तर अक्षराचा मूळ काठ बहुधा धातूत उरलेलाच नसतो, तो या थरात असतो. त्यामुळे थर विरघळवला की शिवराईवरच्या 'श्री राजा शिव' यांतील एखादी वेलांटी त्याबरोबर जाते, आणि ती परत आणण्याचा उपाय नाही.

दुसरे नुकसान झळाळीचे होते. साच्याचा ठोका बसतो तेव्हा धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना सुट्या न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेले नाणे दिव्याखाली कलते करून फिरवले असता प्रकाशाचा पट्टा त्यावर चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, तो या रेषांमुळे. आम्लाने पहिल्या काही सेकंदांतच या रेषांचे माथे खाल्ले जातात. म्हणून आम्लातून काढलेले नाणे गुलाबी दिसते, पण त्याचा प्रकाश फिरत नाही. कोणत्याही कोनातून पाहिले तरी ते सारखेच मंद राहते. नाणे ‘मूळ लाल’ की ‘धुतलेले लाल’ हे ठरवण्याची ही सर्वांत सोपी तपासणी आहे, आणि खडेबाजारात किंवा आठवडी बाजारात नाणे घेताना मोबाइलच्या दिव्यावरही ती करता येते.

नाण्यांच्या व्यवहारात तांब्याची नाणी रंगावरून रेड, रेड-ब्राउन आणि ब्राउन अशा तीन गटांत मोडतात. यांतील ब्राउन हा दोष मानला जात नाही. दीडशे वर्षांचे नाणे एकसारखे तपकिरी असणे स्वाभाविकच आहे. दोष मानला जातो तो धुतलेल्या नाण्याचा: प्रतवारी करणाऱ्या संस्था अशा नाण्याला नेहमीची क्रमांकाची प्रत न देता ‘क्लीन्ड’ असा शेरा मारतात आणि त्याचा भाव पडतो.

कोणत्या रसायनाने कोणता रंग येतो

चिंच, लिंबू, आमसूल, आंबट ताक आणि व्हिनेगर यांचे काम एकाच प्रकारचे आहे. त्यांतील आम्ल ऑक्साइड आणि कार्बोनेट विरघळवते आणि खालचे कच्चे तांबे उघडे पडते. पाव आण्यावर लिंबाचा एक थेंब ठेवून भिंगातून पाहिल्यास प्रथम थेंबाच्या कडेला फिकट वर्तुळ दिसते, मग राजमुद्रेच्या उंच भागावरचा तपकिरी रंग पातळ होतो आणि शेवटी मैदान, म्हणजे अक्षरांमधला सपाट भाग, मांसल गुलाबी होतो. अक्षरांच्या खाचांत मात्र काळे तसेच राहते. थेंब पुसून टाकला तरी त्याच्या गोल कडेचा डाग कायम राहतो आणि पुढे नाणे पुन्हा तपकिरी झाले तरी तो डाग वेगळा ओळखू येतो.

या आम्लात मीठ मिसळले की काम झटपट होते, आणि नेमके तिथेच मोठे नुकसान होते. मिठातील क्लोराइड नाण्याच्या बारीक छिद्रांत शिरून तांब्याशी संयोग पावते व वरवर धुतल्याने निघत नाही. पावसाळ्यात हवेतील ओलावा व प्राणवायू त्याला मिळाले की फिकट हिरवी भुकटी बाहेर पडते आणि सोबत थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. ते आम्ल पुन्हा ताजे तांबे खाते आणि तेच चक्र सुरू राहते. संडास साफ करण्याच्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल मुळातच असते, म्हणून त्यात बुडवलेल्या नाण्याची गत याहून वाईट होते. कोला पेयात फॉस्फोरिक आम्ल असते. ते सौम्य आहे म्हणून लोक नाणे रात्रभर त्यात ठेवतात आणि सकाळी डाग-डाग झालेले, खरखरीत नाणे बाहेर काढतात.

अमोनिया असलेल्या काचपुसण्याच्या द्रवात नाणे टाकल्यास द्रव हळूहळू गर्द निळा होतो. तो निळा रंग नाण्यातून सुटलेल्या तांब्याचा असतो. नाणे बाहेर निघते तेव्हा पृष्ठभाग दाणेदार होऊन तेज गेलेले असते. चांदीचे दागिने बुडवून उजळण्याचे जे द्रव सराफाकडे मिळते ते तांब्यासाठी नाही. त्यात बहुधा आम्ल आणि थायोयुरिया असतो. त्यातून तांब्याला एक भडक नारिंगी छटा येते आणि काही दिवसांत त्यावर जांभळट-तपकिरी ढग उठतात.

पितांबरीसारख्या पावडरी, टूथपेस्ट, राख आणि खाण्याचा सोडा यांत घासण्याचा गुण असतो. भांड्याला तो हवाच असतो, नाण्याला तो मारक ठरतो. तांबे मऊ आहे. त्यावर उठलेले समांतर, केसासारखे ओरखडे भिंगाशिवाय दिसत नाहीत, पण नाण्याचा रंग उजळ आणि सपाट दिसतो तो त्यांच्यामुळेच. पितळी तारेच्या ब्रशने तर अक्षरांचे काठच गोल होतात.

मोबाइलचा चार्जर, मिठाचे पाणी आणि लोखंडी खिळा घेऊन घरच्या घरी विजेने नाणे साफ करण्याचे व्हिडिओ अलीकडे फार फिरतात. त्यात सगळा थर फेसाबरोबर सुटून जातो आणि खाली सच्छिद्र, विटकरी गुलाबी पृष्ठभाग उरतो. ज्या नाण्याचे लेखन थरात जपलेले असते ते नाणे या प्रयोगात कोरे होते. जमिनीतून निघालेल्या शिवराई नाण्यांची अशी गत झालेली बाजारात पुष्कळ पाहायला मिळते.

सावधान: वेगवेगळ्या धातूंची नाणी एकाच आम्लात एकदम टाकू नयेत, असा सल्ला पुष्कळांना माहीत असतो, पण त्याचे कारण माहीत नसते. द्रवात तांबे विरघळलेले असताना लोखंडी खिळा किंवा स्टीलचा चिमटा त्यात गेला, तर तेच तांबे शेजारच्या चांदीच्या नाण्यावर गुलाबी मुलामा होऊन बसते.

पायरी १: नाणे कशाचे आहे ते आधी ठरवा

तांबे, ब्राँझ आणि पितळ यांचे रंग रसायनाने वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडतात, म्हणून हे आधी ठरवले पाहिजे. कंपनी सरकारच्या १८३५ च्या पाव आण्यापासून १९०६ पर्यंतचा पाव आणा तांब्याचा आणि ६.४८ ग्रॅम वजनाचा होता. १९०६ मध्ये तो ब्राँझचा झाला आणि वजन ४.८६ ग्रॅमवर आले. झिजलेले नाणे यापेक्षा हलके भरते, तरीही या दोन गटांत घोटाळा होत नाही. १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा ब्राँझचा आहे. १९५७ चा नया पैसाही ब्राँझचाच असून १९६२-६३ मध्ये तो निकेल-पितळेचा झाला. शिवराई नाण्यांचे वजन नाण्यागणिक बदलते, त्यामुळे तिथे वजनावरून निष्कर्ष काढू नये. ती तांब्याची धरून चालावे.

ब्राँझमध्ये थोडे कथील आणि जस्त असते. आम्लाने त्याचा मूळचा पिवळसर तपकिरी रंग जाऊन ठिकठिकाणी गुलाबी पट्टे उमटतात. पितळ आम्लात गेल्यास त्यातील जस्त आधी निघून जाते आणि पृष्ठभागावर तांबे उरते. पिवळे नाणे अचानक लालसर झाले की लोकांना खाली तांबे सापडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात नाण्याची कातडी सोललेली असते.

तपासणी: सराफी काट्यावर नाण्याचे वजन शंभरांश ग्रॅमपर्यंत करून लिहून ठेवावे, आणि दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात, त्याच जागी, पांढऱ्या कागदावर घ्यावेत. सफाईनंतर तेच वजन आणि तेच फोटो पुन्हा घ्यायचे आहेत. स्मरणावर भरवसा ठेवू नये, कारण रंगाची स्मृती फार लवकर पुसट होते.

नाणे शेतात नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेले असेल, तर ते धुण्याआधी तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवणे कायद्याने आवश्यक असते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरते, आणि ते परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही.

पायरी २: हिरवे कोणते आहे ते ओळखा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण हिरवे दिसले की घासायचे अशी सवय झालेली असते. नाण्यावरचे हिरवे किमान तीन प्रकारचे असते.

पहिले हिरवे गडद, गुळगुळीत आणि नखाने न निघणारे असते. हा जुना कार्बोनेटचा थर असून तो नाण्याचे रक्षण करतो. अथणी, रायबागकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीतून निघालेल्या नाण्यांवर असा थर पुष्कळदा चुन्याच्या पांढुरक्या पापुद्र्यासह दिसतो. याला हात लावू नये.

दुसरे हिरवे चिकट, ओलसर आणि काहीसे पारदर्शक असते व बोटाला लागते. नाणी मऊ प्लास्टिकच्या, म्हणजे पीव्हीसीच्या, अल्बममध्ये वर्षानुवर्षे राहिली की प्लास्टिकमधील तेलकट द्रव्य आणि त्यातून सुटणारे आम्ल नाण्यावर उतरते. देवघरातल्या नाण्यावर तेल, तूप आणि कुंकू यांच्या मिश्रणानेही अशीच हिरवट चिकटी होते. पायरी ५ मधील ॲसिटोन या हिरव्यासाठी आहे.

तिसरे हिरवे फिकट, भुकटीसारखे, ठिपक्यांत उठणारे असते, आणि ते काढले की खाली खड्डा दिसतो. हा वर सांगितलेला क्लोराइडचा प्रकार असून संग्राहक त्याला ब्राँझ रोग म्हणतात. तो निव्वळ तांब्यालाही होतो. खानापूर, जांबोटीकडच्या दमट हवेत तो झपाट्याने वाढतो, आणि तेच नाणे अथणीत कोरड्या कपाटात अनेक वर्षे गप्प राहू शकते.

तपासणी: दुसरे की तिसरे अशी शंका असल्यास ठिपक्यावर लाकडी टोचणीचे टोक हलकेच फिरवावे. चिकट हिरवे ओढले जाते आणि त्याचा माग उमटतो. रोगाचे हिरवे कोरडे असून झडते.

पायरी ३: तयारी

काम कोरड्या हवेत, मार्गशीर्ष ते फाल्गुन या दिवसांत काढावे. भर पावसाळ्यात नाणे पूर्ण वाळत नाही, आणि ॲसिटोन उडताना नाणे थंड पडत असल्यामुळे हवेतील बाष्प त्यावर दवासारखे बसते; खिडकीबाहेर पाऊस चालू असताना ते वाळत ठेवलेल्या नाण्यावर पुसट धुक्यासारखे दिसतेही.

लागणारे साहित्य असे: काचेच्या रुंद तोंडाच्या तीन बरण्या, डिस्टिल्ड पाणी, शुद्ध ॲसिटोन, औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन, बांबूच्या काड्या किंवा टूथपिक, बाभळीचे वाळलेले काटे, दहापट भिंग, मऊ सुती कापड आणि सिलिका जेलच्या पुड्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात. ते उकळल्याने डिस्टिल्ड होत नाही, उलट क्षार दाट होतात. बॅटरीत घालायचे पाणी चालते, मात्र बाटली सीलबंद हवी. ॲसिटोन कॉलेजांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून घ्यावे. नखांचा रंग काढण्याच्या बाटलीत ॲसिटोनबरोबर तेल, रंग आणि सुगंध मिसळलेले असतात, आणि ते नाण्यावर डाग सोडतात.

सावधान: ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. देवघरात समई किंवा निरांजन लावलेले असताना, गॅसजवळ किंवा बंद खोलीत ते उघडू नये. प्लास्टिकच्या डब्यात ओतू नये, कारण काही प्लास्टिके त्यात विरघळतात आणि विरघळलेले प्लास्टिक नाण्यावरच बसते.

पायरी ४: डिस्टिल्ड पाणी

नाणे कडांनी धरून बरणीच्या तळाशी ठेवलेल्या सुती कापडावर आडवे ठेवावे आणि ते पूर्ण बुडेल इतके पाणी घालावे. एका बरणीत एकच नाणे असावे. दिवसातून एकदा पाणी बदलावे आणि नाणे उलटावे. पाणी मातकट येत असेल तोवर हे चालू ठेवावे. खणून काढलेल्या नाण्याला आठवडे लागू शकतात. घाई झाली की बोटाने चोळण्याचा मोह होतो आणि मातीतली वाळू नाण्यावर ओरखडे उठवते. माती स्वतः सुटू द्यावी.

पाणी हिरवट-निळे दिसू लागले तर नाण्याचा थर सुटतो आहे असे समजून लगेच थांबावे.

हळद, कुंकू, बुक्का यांनी माखलेल्या नाण्यावर पाण्याने बराचसा रंग निघतो, पण खाचांत लाल किंवा पिवळी छटा राहते. ती राहू द्यावी. कुंकवाच्या दोन-चार कणांनी नाण्याचे मोल कमी होत नाही, ते काढण्यासाठी वापरलेल्या लिंबाने होते.

पायरी ५: ॲसिटोन

ॲसिटोन तेल, तूप, चिकटपट्टीचा गोंद आणि पीव्हीसीची चिकटी विरघळवते. तांबे आणि त्याचे ऑक्साइड विरघळवत नाही. म्हणूनच घरी वापरण्यायोग्य रसायनांत ते बऱ्यापैकी सुरक्षित मानले जाते. नाणे पाण्यातून काढले असेल तर आधी पूर्ण वाळवावे. पहिल्या बरणीत नाणे काही मिनिटे ठेवून बरणी हलकेच गोल फिरवावी, मग ते स्वच्छ ॲसिटोनच्या दुसऱ्या बरणीत हलवावे आणि शेवटी तिसऱ्या बरणीत बुडवून काढावे. पहिल्या बरणीतील द्रव उडाला की त्यातली घाण नाण्यावरच परत बसते, म्हणून हा तीन बरण्यांचा क्रम आहे. एकाच बरणीत काम उरकणाऱ्यांच्या नाण्यावर नंतर जी पांढरट झाक दिसते ती याच कारणाने.

ॲसिटोननंतर काही नाणी जरा फिकट किंवा कोरडी दिसतात, कारण वरची तेलकट चमक गेलेली असते. नाण्याचा खरा रंग तोच असतो. तो पाहून निराश होऊन पॉलिश लावायला जाऊ नये.

तपासणी: नाणे पुन्हा तोलावे. मातीचे नाणे हलके भरेल, ते ठीक आहे. पण मुळात स्वच्छ दिसणाऱ्या नाण्याच्या वजनात घट दिसली तर आधी कोणीतरी काहीतरी लावून ठेवलेले होते असे समजावे.

पायरी ६: तेल आणि काटा, गरज असेल तरच

घट्ट बसलेला मळ सैल करण्यासाठी ऑलिव्ह तेलाचा सल्ला सर्रास दिला जातो. खाद्यतेलांत मुक्त मेदाम्ले असतात; महिनोन्महिने त्यात राहिलेले नाणे गडद होते, तेल हिरवे होते, आणि तो हिरवा रंग पुन्हा नाण्यातल्या तांब्याचाच असतो. त्याऐवजी लिक्विड पॅराफिन वापरावे. ते तांब्याशी संयोग पावत नाही. नाणे त्यात काही दिवस ठेवून, भिंगाखाली, मळावरच काट्याचे टोक तिरके टेकवून तो उचलावा. बाभळीचा काटा तांब्यापेक्षा मऊ असतो, त्यामुळे हात चुकला तरी सहसा ओरखडा उठत नाही. सुई, टाचणी आणि ब्लेड मात्र या कामात आणूच नयेत. काट्याची दिशा अक्षरापासून मैदानाकडे असावी. एका बैठकीत एका अक्षराभोवतीचा मळ निघाला तरी पुरेसे आहे.

मळाखाली लालसर-तपकिरी, गुळगुळीत पृष्ठभाग दिसू लागला की काम पूर्ण झाले. त्याखाली चमकता गुलाबी ठिपका दिसला तर टोक थरातून आरपार गेले आहे असे समजून थांबावे. काम संपल्यावर ॲसिटोनच्या तिन्ही बरण्यांचा क्रम पुन्हा करून तेल पूर्ण काढावे.

पायरी ७: ब्राँझ रोगाच्या नाण्यासाठी

असे नाणे आधी वेगळे ठेवावे. यात जंतू नसतात, परंतु झडणाऱ्या भुकटीत क्लोराइड असते आणि ती शेजारच्या नाण्यावर पडू नये. भुकटी काट्याने खड्ड्यातून काढून, नाणे डिस्टिल्ड पाण्यात अनेक आठवडे, पाणी बदलत ठेवावे, मग ॲसिटोनमधून काढून उबदार जागी पूर्ण वाळवावे आणि सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. डब्यातील आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर रोग बहुधा पुढे सरकत नाही. स्वस्तातले आर्द्रतामापक आता सहज मिळतात. एक डब्यात ठेवून द्यावे.

यासाठी धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण सुचवले जाते. त्या द्रावणाने क्लोराइड निघते खरे, पण नाण्याचा रंगही बदलतो: ते काळवंडते किंवा त्यावर निळसर-हिरवे नवे स्फटिक येतात. जे नाणे अन्यथा पूर्ण खाल्ले जाणार आहे त्यासाठीच तो उपाय ठीक आहे. बेन्झोट्रायाझोल हे रसायन वस्तुसंग्रहालयांतील जतनतज्ज्ञ वापरतात. ते विषारी असल्याने घरी वापरू नये.

आधीच गुलाबी झालेल्या नाण्याचे काय करावे

चिंचेतून नुकतेच निघालेले नाणे हाती आले तर प्रथम त्यातील मीठ आणि आम्ल काढणे हे काम आहे. पायरी ४ प्रमाणे पाणी बदलत निदान दोन आठवडे ठेवावे, ॲसिटोनने पाणी काढावे आणि कोरड्या जागी, कागदाच्या आम्लरहित पाकिटात सोडून द्यावे. तपकिरी रंग आपोआप परत धरू लागतो. तो पूर्वीसारखा एकसंध होईलच असे नाही, आणि झळाळी तर येतच नाही, पण काही वर्षांत नाणे डोळ्यांना सोसवते. बोट लागल्यास त्या जागी घामातील मिठाचा ठसा आधी काळा पडतो, म्हणून असे नाणे इतर नाण्यांपेक्षाही जपून, कडांनीच धरावे.

गंधक, उकडलेल्या अंड्याची वाफ किंवा गॅसवरची आच देऊन नाणे घाईने तपकिरी करू नये. असा रंग उंच भागावर आणि खाचांत सारखाच बसतो, तर काळाने चढलेला रंग खाचांत गडद आणि झिजलेल्या उंचवट्यावर फिका असतो. जाणकाराला हा फरक पहिल्या नजरेत कळतो. आचेवर काळा ऑक्साइड इतका जाड होतो की त्याचे पापुद्रे निघतात. विक्रेता असे रंगवलेले नाणे ‘जुन्या रंगातले’ म्हणून पुढे करत असेल, तर कड आणि अक्षरांच्या खाचा भिंगाने पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पायरी ८: ठेवण

सफाईनंतरचे पहिले वर्ष नाजूक असते. पीव्हीसीच्या अल्बमऐवजी पॉलिएस्टरची कव्हरे किंवा कडक पारदर्शक डब्या वापराव्यात. उघडताच नव्या रेनकोटसारखा वास येणारे प्लास्टिक टाळावे. नाणी रबरबँडने बांधू नयेत, कारण रबरातील गंधकाने त्यांवर काळा पट्टा उमटतो. वर्तमानपत्राचा कागद, लोकरी कापड आणि नवे प्लायवूडचे कपाट यांतूनही तांब्याला बाधक वायू किंवा आम्ल सुटते. डांबराच्या गोळ्या कपड्यांच्या कपाटातच राहू द्याव्यात.

मृग लागण्याआधी सिलिका जेल तपासून बदलावे किंवा मंद आचेवर तापवून कोरडे करावे, आणि पावसाळ्यात डबा शक्यतो उघडू नये. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की प्रत्येक नाणे भिंगाखाली पाहून सुरुवातीच्या फोटोशी ताडावे. लक्ष्मीपूजनाला नाणे मांडायचे असेल तर ते डबीसकट मांडावे. हळद-कुंकू डबीवर वाहता येते.